लेकराचा वाटा

कापूस वेचणीचे दिवस होते. दिवसभर वाकून बायांच्या कमरा भरून आल्या होत्या. तरी रात्री आठ वाजता शाळेच्या ओसरीवर साक्षरतेचा वर्ग भरला.

ही गोष्ट यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावाची. गावाचे नाव मुद्दाम सांगत नाही. ते गाव राळेगावकडचे असेल, पुसदकडचे असेल किंवा झरी जामणीकडचेही असेल. जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. वाचकहो, वाचता वाचता आपल्या गावाचे नाव तुम्हीच घाला.

गुरुजींनी त्या रात्री पुस्तक उघडले नाही. ग्रामपंचायतीच्या फळ्यावरची एक ओळ त्यांनी खडूने उतरवून आणली होती. ते म्हणाले, "आज हीच ओळ वाचायची."

एक बाई उठली. तिने बोट ठेवून वाचले, "दि-व्यां-ग क-ल्या-ण. पाच ट-क्के."

मग ती थांबली. "दिव्यांग म्हंजे कोन जी, गुरुजी?"

"आपण ज्याला अपंग म्हणतो, तो. सरकारी कागदात आता दिव्यांग असे लिहितात."

"म्हंजे माह्या पोरासारखा?"

"होय बाई, तुमच्या पोरासारखा."

बाईचा मुलगा सात वर्षांचा. जन्मताच तो रडला नव्हता. त्याचे पाय ताठ राहतात. तो बसतो, पण चालत नाही. बोलणे घरच्यांनाच समजते. आई कामावर गेली की म्हातारी आजी त्याला सांभाळते. शाळेत त्याचे नाव नाही.

"पर त्याच्या नावानं आमाले तर कवडी भेटली नाही," बाई म्हणाली. "आमच्या नशिबाचा भोग हाय, अन् आमीच भोगून राह्यलो."

गुरुजी म्हणाले, "दुखणे कोणाच्या हातात नाही. पण त्याच्या वाट्याचे पैसे गावाच्या खात्यात पडून राहिले, तर त्याला नशीब म्हणता येणार नाही. तो आपला अडाणीपणा. ते कसे, ते आज शिकू."

१. कायदा काय म्हणतो?

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. त्याआधी १९९५ चा कायदा होता. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. नव्या कायद्यात एकवीस आहेत.

डोळ्यांनी न दिसणे, कानांनी न ऐकू येणे, हातापायांतले व्यंग, बुद्धीची वाढ कमी असणे, मेंदूच्या दोषामुळे हातपाय ताठ असणे, हे सारे त्यात येते. आपल्या विदर्भात सिकलसेलचा आजार पुष्कळ घरांत आहे. तोही या एकवीस प्रकारांत आहे. मात्र ज्याच्या रक्तात सिकलसेलचा नुसता गुण आहे, तो फक्त वाहक असतो. तो आजारी धरला जात नाही.

ज्याचे अपंगत्व शंभरात चाळीस किंवा त्याहून जास्त ठरते, त्याला बहुतेक योजना लागू होतात. अशा मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ते जवळच्या शाळेत घेता येते, नाहीतर खास शाळेत घेता येते.

२. आधी कागद, मग मोजणी

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग माणसे मोजली गेली. महाराष्ट्रात ती २९ लाख ६३ हजारांवर होती. पण शिरगणतीत मोजले जाणे वेगळे आणि पंचायतीच्या यादीत नाव असणे वेगळे. यादीत नाव यायचे, तर हातात दाखला पाहिजे.

गुरुजींनी फळ्यावर वाट लिहून दाखवली.

पहिली पायरी: सेवा केंद्रात जाऊन 'स्वावलंबन' या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरावा. मुलाचा फोटो, आधार कार्ड आणि राहण्याचा पुरावा बरोबर न्यावा.

दुसरी पायरी: दवाखान्याची तारीख मिळाली की मुलाला तपासणीला न्यावे. जुने कागद फेकू नयेत. ते सारे एका पिशवीत घालून न्यावेत.

तिसरी पायरी: डॉक्टर तपासून टक्के ठरवतात. मग दाखला आणि ओळखपत्र मिळते. लहान मुलाचा दाखला कधी कधी ठरावीक मुदतीचा असतो. मुदतीची तारीख वाचून भिंतीवर लिहून ठेवावी.

टक्के चुकीचे वाटले, तर कायद्याने अपील करता येते.

बाई म्हणाली, "एक दिवस तालुक्याले, एक दिवस दवाखान्यात. दोन रोज बुडतात जी."

गुरुजी जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बुडतात, खरे आहे. गरिबाला हक्क मिळवायलाही मजुरी मोडावी लागते. म्हणून तर गावाने मदत करायची. एकाच गाडीत चार लेकरे नेली, तर खर्च वाटला जातो."

३. कोणता पैसा कोठून येतो?

बाईला वाटत होते की सारा पैसा एकाच पेटीतून येतो. तसे नाही. पेट्या वेगवेगळ्या आहेत, आणि प्रत्येक पेटीची किल्ली वेगळ्या कचेरीत आहे.

तहसील कचेरी: संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू आहे. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्याचे मासिक अनुदान १,५०० वरून २,५०० रुपये करण्याचे सरकारने ठरवले. ती रक्कम बँक खात्यात जमा होते. उत्पन्नाची मर्यादा आहे, म्हणून उत्पन्नाचा दाखला लागतो. केंद्र सरकारचे अपंग निवृत्तिवेतन मात्र १८ वर्षांनंतरच आणि ८० टक्के अपंगत्व असेल तरच मिळते. लहान लेकराला ते नाही. म्हणून राज्याच्या योजनेची चौकशी आधी करावी.

शाळा: समग्र शिक्षा योजनेत अशा मुलांसाठी दर मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद असते. मुलगी असेल तर महिन्याला २०० रुपये, असे दहा महिने भत्ता आहे. जे मूल शाळेत येऊच शकत नाही, त्याला घरी शिकवण्याचीही सोय या योजनेत आहे. पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात चौकशी करावी.

दवाखाना: २०१३ पासून राष्ट्रीय बाल आरोग्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत येऊन मुले तपासते. पथक येईल त्या दिवशी लेकरू घरी लपवून ठेवू नये. निरामय नावाची आरोग्य विम्याची योजना आहे. बुद्धीची वाढ कमी असणे, मेंदूच्या दोषाने हातपाय ताठ असणे, स्वमग्नता आणि बहुविकलांगता यांना ती लागू आहे. तिच्यात १ लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो.

एस. टी.: अपंग व्यक्तीला तिकिटात ७५ टक्के सवलत आहे.

ग्रामपंचायत: फळ्यावरची ती ओळ हीच. २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांनी आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांसाठी खर्च करायचे आहेत.

४. हिशेब करून पाहू

स्वतःचे उत्पन्न म्हणजे सरकारकडून आलेले अनुदान नव्हे. घरपट्टी, पाणीपट्टी, बाजाराचा कर, गाळ्यांचे भाडे, हे गावाचे स्वतःचे उत्पन्न.

समजा, एका गावात वर्षात असे पैसे जमा झाले:

घरपट्टी: १,२०,००० रुपये
पाणीपट्टी: ५०,००० रुपये
बाजार कर व भाडे: ३०,००० रुपये
एकूण: २,००,००० रुपये

शंभरामागे पाच रुपये. दोन लाखांत शंभर किती वेळा येतात? दोन हजार वेळा. दोन हजार गुणिले पाच, म्हणजे १०,००० रुपये.

आता दुसरा हिशेब. गावाने निम्मीच पट्टी भरली. जमा झाले १,००,००० रुपये. मग अपंगांचा वाटा किती? ५,००० रुपये.

वर्गात कोणी बोलेना. मग मागे बसलेला एक शेतकरी हळूच म्हणाला, "म्हंजे म्या घरपट्टी थकवली, तर या लेकराचा वाटा बी कमी झाला."

"तसेच आहे," गुरुजी म्हणाले. "तिजोरी सरपंचाची नाही, आपली आहे. भरणारे आपण आणि विचारणारेही आपणच."

५. ग्रामसभा

अंदाजपत्रक म्हणजे येत्या वर्षाच्या जमाखर्चाचा आधी केलेला अंदाज. पंचायतीचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि ३१ मार्चला संपते. म्हणून मागणी करायची ती अंदाजपत्रक मंजूर होण्याआधी. नंतर केलेली मागणी म्हणजे जेवणावळ उठल्यावर मागितलेले ताट.

ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा भरते. बाईने तिथे प्रथम तोंड उघडले. मग ग्रामसभा भरली. गावात दाखला असलेले पाच जण होते. तोवर बाईच्या मुलाचाही दाखला आला होता.

एक म्हातारा म्हणाला, "दहा हजार हायेत. पाचाले दोन दोन हजार वाटून टाका. भांडन नाही, तंटा नाही."

बाई उभी राहिली. तिचे पाय कापत होते. "वाटा ना, पर आधी मोजा. कुबड्या, चाकाची खुर्ची सरकारच्या शिबिरात भेटते. ते तिकडून आना. शाळेचे पैशे शाळेतून घ्या. महिन्याचे तहसीलातून घ्या. जे कोनीच देत नाही, त्याले गावचा पैसा लावा. माह्या पोराच्या पायाले कसरत पायजे. दवाखान्यात न्याले गाडीभाडं कोनी देत नाही."

दुसरा कोणी म्हणाला, "शाळेत उतार बांधा म्हन्ते. एका पोरासाठी?"

तेव्हा आजी बसल्या जागेवरूनच बोलली, "बापू, त्या पायऱ्या मतदानाले माह्याच्यानं चढनं होत नाही. उतार झाला तर तुह्या मायलेबी कामी येईन."

लोक हसले, पण गोष्ट पटली. ठराव झाला. दवाखान्याच्या प्रवासाला आणि औषधाला गावचा पैसा द्यायचा. ज्याची नड मोठी, त्याला आधी द्यायचे. शाळेच्या उताराची मागणी जिल्हा परिषदेकडे लेखी पाठवायची. ठराव लिहिला गेला. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी, म्हणजे आपण ज्यांना ग्रामसेवक म्हणतो त्यांनी, तो वाचून दाखवला. बाईने हजेरीवर अंगठा दिला नाही. सही केली.

६. दया नको, वाटा हवा

आपल्या वणीपलीकडे वर्धा नदी ओलांडली की वरोरा लागते. तेथे बाबा आमट्यांनी १९४९ साली आनंदवन उभारायला घेतले. लोकांनी टाकलेल्या माणसांनी तेथे शेते पिकवली. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वज्झर आहे. तेथे शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेली अपंग लेकरे वाढवली. त्यांच्याकडे वाढलेली एक अंध मुलगी २०२४ साली राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली.

ही मोठी माणसे. पण प्रत्येक गावात बाबा आमटे कोठून येणार? म्हणून तर कायदा लागतो, आणि अंदाजपत्रकात एक ओळ लागते. दया करणारा माणूस आज आहे, उद्या नाही. लिहिलेली ओळ दर वर्षी येते. मात्र ती वाचणारे कोणीतरी गावात हवे.

मार्च महिना आला. बाई पंचायतीत गेली. फळ्यासमोर उभी राहून तिने ती ओळ पुन्हा वाचली. यावेळी तिला बोट ठेवावे लागले नाही. मग तिने आत जाऊन विचारले:

"भाऊ, तरतूद दहा हजार होती. खर्च किती झाला जी?"

लक्षात ठेवा

दाखला काढा. यादीत नाव घाला. अंदाजपत्रकाआधी मागा. वर्ष संपताना खर्च विचारा. उत्तर मिळाले नाही, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने १० रुपये भरून लेखी विचारता येते.

शब्दांचे अर्थ

तरतूद: कामासाठी आधी बाजूला ठेवलेला पैसा.
ठराव: सभेने घेतलेला आणि लिहून ठेवलेला निर्णय.
वाहक: ज्याच्या रक्तात दोष आहे, पण स्वतः आजारी नाही असा माणूस.

स्वाध्याय

१. आपल्या गावात दाखला असलेली आणि नसलेली अपंग मुले किती आहेत? त्यांची यादी करा.
२. पंचायतीचे स्वतःचे उत्पन्न ३,००,००० रुपये असेल, तर ५ टक्के किती?
३. म्हाताऱ्याचे म्हणणे बरोबर की बाईचे? वर्गात बोला.
४. आपल्या पंचायतीच्या फळ्यावरची एक ओळ उद्या वहीत उतरवून आणा.