पायी उजवीकडून, सायकल डावीकडून

रस्त्याला पदपथ नसेल तर पायी जाणाऱ्याने उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने पाहत चालावे. सायकल मात्र डाव्या कडेनेच, वाहनांच्या दिशेने चालवावी. हे दोन नियम एकमेकांच्या उलट दिसत असले तरी दोन्ही पाळायचे आहेत, आणि एकाचा नियम दुसऱ्याला लावला की जीव धोक्यात येतो. शहापूर-किन्हवली-मुरबाड रस्ता असो, की कल्याणहून मुरबाड, सरळगाव, टोकावडे करत माळशेज घाटाकडे जाणारा मार्ग असो, गावाबाहेर पडले की पदपथ नसतो. डांबराची कड, तिच्यापुढे हात-दोन हात साइडपट्टी आणि लगेच चर किंवा शेत. त्या पट्टीवरून शाळेची मुले, मोळी घेतलेल्या बाया, वीटभट्टीवरचे मजूर आणि एसटीच्या फाट्यावरून पाड्याकडे निघालेली माणसे चालत असतात.

‘डावीकडून’ हा नियम मुळात वाहनांचा आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 मधील कलम 99 प्रमाणे वाहन हाकणाऱ्याने, खरी गरज नसेल तर, रस्त्याच्या डाव्या बाजूलाच राहायचे असते. त्या कायद्याने ‘वाहन’ या शब्दात सायकल आणि हातगाडीही धरली आहे. पायी माणूस त्यात येत नाही. तरीही शाळेत ‘डावीकडून चाला’ असे सरसकट शिकवले गेले आणि पिढ्यान् पिढ्या लोक वाहनांकडे पाठ करून चालत राहिले. ब्रिटनमध्येही वाहने डावीकडूनच चालतात. पण तिथल्या ‘हायवे कोड’मध्ये पदपथ नसलेल्या रस्त्यावर पादचाऱ्याला उजवी बाजू सांगितली आहे. रस्ते वाहतुकीविषयीच्या 1968 च्या व्हिएन्ना कराराचा रोखही तोच आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे 2022 मध्ये भारतात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली आणि त्यांतली 32,825 पायी चालणारी होती. जवळजवळ दर पाच मृतांमागे एक.

पाठ करून चालणाऱ्याचे काय होते, याचा प्रस्तुत लेखकाला आलेला अनुभव किन्हवली रस्त्यावरचा आहे. भातकापणी उरकल्यानंतरचे दिवस होते, सूर्य मावळला होता आणि चालणे डाव्या कडेने होते. मागून पेंढा भरलेला पिकअप आला. चालकाने माणूस पाहिला होता, गाडी रस्त्याच्या मध्याकडे घेतलीही होती. पण हौद्याबाहेर फुगलेला पेंढा आणि त्याला आधार म्हणून लावलेला बांबू किती बाहेर आला आहे, ते त्याच्या अंदाजात नव्हते. बांबूचे टोक उजव्या खांद्याला लागले, हाड सांध्यातून निखळले आणि देह चरात पडला. गाडी थांबली, त्याच चालकाने दवाखान्यात पोहोचवले. तीच गाडी समोरून आली असती तर तो बांबू लांबूनच दिसला असता आणि एक पाऊल बाजूला होणे पुरले असते. मागचे वाहन आवाजावरून कळते असे सगळेच मानतात. आवाजावरून वाहन आले एवढेच कळते. ते किती रुंद आहे, किती कडेने येते आहे, चालकाचे लक्ष आहे की तो मोबाइलकडे बघतो आहे, हे आवाज सांगत नाही.

डोक्यावर ओझे असलेल्यांना तर उजवी बाजू अधिकच हवी. मोळी किंवा हंडा घेतलेल्या बाईला मान वळवून मागे बघता येत नाही. पावसात इरले किंवा प्लॅस्टिकची खोळ पांघरली की मागचे दिसत नाहीच, पावसाच्या तडतडीत ऐकूही येत नाही. अशा वेळी जे डोळ्यांसमोर येते तेच टाळता येते. चार-पाच जणी असतील तर गप्पा मारत शेजारी-शेजारी न चालता एकीमागे एक चालावे. बरोबर मूल असेल तर त्याला साइडपट्टीच्या अंगाला, म्हणजे उजवीकडून चालताना स्वतःच्या उजव्या हाताला धरावे.

उजव्या बाजूलाही धोके आहेत आणि ते ठाऊक असल्याशिवाय हा नियम अर्धाच कळतो. दुपदरी रस्त्यावर मागून येणारा एखादा चालक पुढच्या गाडीला मागे टाकण्यासाठी उजवीकडे येतो, तेव्हा तो पादचाऱ्याच्या पाठीशी असतो. समोरचा रस्ता मोकळा दिसला की निर्धास्त होण्याऐवजी नेमके तेव्हाच एकदा मागे पाहावे, कारण मोकळा रस्ता पाहूनच तो चालक बाहेर पडत असतो. दुसरा धोका उलट्या दिशेने कडेकडेने येणाऱ्या मोटारसायकलींचा. फाट्यापर्यंत वळसा नको म्हणून चुकीच्या बाजूने निघालेला स्वार उजवीकडून चालणाऱ्याच्या मागूनच येतो.

वळणांवर नियम तात्पुरता बदलावा लागतो. रस्ता उजवीकडे वळत असेल आणि आतल्या अंगाला दरड, झाडी किंवा घर असेल, तर उजव्या कडेचा पादचारी समोरून येणाऱ्या चालकाला अगदी शेवटच्या क्षणी दिसतो. चालकही वळणाची आतली बाजू धरून येत असतो. अशा वळणाच्या बराच आधी, दोन्हीकडचे दिसते तिथे, रस्ता ओलांडून डावीकडे यावे आणि वळण संपून पुढचा सरळ रस्ता दिसू लागला की परत उजवीकडे जावे. माळशेजच्या वाटेवर अशी वळणे पुष्कळ आहेत आणि श्रावण-भाद्रपदात कडेचे गवत पुरुषभर वाढले की एरवीची साधी वळणेही तशीच होतात. उजवीकडची साइडपट्टी खचली असेल किंवा पुलाचा कठडा अगदी डांबराला भिडला असेल, तर जिकडे पाय ठेवायला जागा आहे ती बाजू बरी. एसटीतून उतरून शंभर-दीडशे पावलांवर त्याच बाजूला वाडीचा रस्ता असेल, तर केवळ नियमासाठी दोनदा रस्ता ओलांडू नये. ओलांडणे हे चालण्याहून अधिक धोक्याचे असते. ओलांडायचेच असेल तर एसटीच्या पुढून न जाता ती निघून जाईपर्यंत थांबावे.

आसनगाव, शहापूर, खर्डी, कसारा या पट्ट्यातून जाणाऱ्या मुंबई-नाशिक महामार्गावर ‘उजवी बाजू’ म्हणजे काय, हे नीट समजून घ्यावे लागते. या रस्त्याला दुभाजक आहे. नाशिककडे चालणाऱ्याने नाशिककडे जाणाऱ्या मार्गिकेची उजवी कड धरली तर तो दुभाजकालगत, सर्वांत वेगवान वाहनांच्या रांगेत जातो आणि वाहनेही पाठीमागूनच येतात. तिथे उजवी बाजू म्हणजे पलीकडच्या, मुंबईकडे येणाऱ्या मार्गिकेची बाहेरची कड. तिथपर्यंत भुयारी मार्गाने किंवा पुलाखालून जाता येत असेल तरच जावे. दुभाजकावरून उडी मारून नव्हे. जवळ सेवारस्ता असेल तर तोच उत्तम. समृद्धी महामार्गावर, ज्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला आणि शहापूर तालुक्यातून जातो, पायी माणसाला आणि सायकलला मुळीच प्रवेश नाही.

सायकलस्वारालाही ‘समोरचे दिसावे’ म्हणून उजवीकडून जावेसे वाटते. इथे तो तर्क उलटतो, आणि कारण वेगात आहे. ताशी 60 किलोमीटरने येणारी गाडी आणि ताशी 15 किलोमीटरने जाणारी सायकल एकाच दिशेने असतील तर गाडी सायकलला ताशी 45 च्या वेगाने गाठते. 100 मीटरवर दिसलेल्या सायकलस्वारासाठी चालकाला 8 सेकंद मिळतात. समोरासमोर असतील तर हाच वेग 75 होतो आणि हातात पाच सेकंदही उरत नाहीत. धडक बसलीच तर आघाताची ऊर्जा पावणेतीन पटींच्या आसपास जाते. पायी माणसाचा वेग जेमतेम 5, त्यामुळे त्याच्या बाबतीत तोंड करून चालणे आणि पाठ करून चालणे यांत फरक साडेपाच आणि साडेसहा सेकंदांचा. तो एक सेकंद देऊन त्याला गाडी दिसते. शिवाय पायी माणूस जागच्या जागी थांबतो, एका पावलात साइडपट्टीवर उतरतो. सायकल तशी उतरत नाही. साइडपट्टी डांबरापेक्षा चार बोटे खाली असेल तर चाक घसरून स्वार उलट रस्त्यातच पडतो. म्हणूनच डावीकडून जातानाही अगदी कड न धरता तिच्यापासून हातभर आत राहावे. खड्डा चुकवायला जागा राहते आणि एकदम आत वळावे लागत नाही.

फाट्यांवर उलट दिशेची सायकल सर्वांत घातक ठरते. पाड्याच्या रस्त्यावरून डावीकडे मुख्य रस्त्याला लागणारा जीपवाला फक्त उजवीकडे बघतो, कारण त्याच्या बाजूची वाहने तिकडूनच येतात. डावीकडून, म्हणजे चुकीच्या दिशेने, आलेली शाळकरी मुलाची सायकल त्याला दिसतच नाही. शाळेत सायकलींविषयी एकच गोष्ट सांगायची असेल तर ही सांगावी. महामार्गाच्या डाव्या कडेला ढाब्यांजवळ मालट्रक उभे असतात, बऱ्याचदा मागचे दिवे बंद ठेवून. त्यांना वळसा घालण्यापूर्वी वेग कमी करून मागे पाहिल्याशिवाय आत येऊ नये. चढावर सायकल हाताने ढकलत नेणारा पायीच असतो, पण त्याने डावीकडेच राहावे. सायकल आणि माणूस मिळून रुंदी वाढते, आणि व्हिएन्ना करारातही अशा माणसाला वाहनांची बाजू दिली आहे.

अंधारात बाजूइतकेच दिसणेही महत्त्वाचे. गडद घोंगडी पांघरलेला माणूस मंद दिव्याच्या गाडीला फार उशिरा दिसतो. अंगावर पांढरा कपडा असावा. हातात विजेरी असेल तर तिचा झोत चालकाच्या डोळ्यांवर न मारता जमिनीकडे धरावा. सायकलीला मागे लाल परावर्तक हवा आणि त्यावरचा चिखल पुसलेला हवा. घराघरांतल्या सायकलींना परावर्तक असतो, पण पावसाळ्यात तो चिखलाखाली गेलेला असतो.

मोठ्या जथ्याचा नियम एकट्या पादचाऱ्यापेक्षा वेगळा आहे. मुंबईहून शिर्डीला जाणाऱ्या पालख्या, विशेषतः रामनवमीच्या सुमारास, शहापूर-कसारा मार्गे जातात. ऊन टाळण्यासाठी पुष्कळसे चालणे रात्री किंवा पहाटे होते. पालखीचा रथ किंवा सामानाचा टेम्पो सोबत असतो, त्यामुळे असा जथा वाहनांच्याच बाजूने, डावीकडून जातो आणि त्याची पाठ उघडी राहते. सोबतचा टेम्पो पुढे न ठेवता मागे ठेवावा, त्याचे चारही इशारादिवे चालू असावेत. त्याच्याही मागे काही अंतरावर लाल दिवा आणि चमकणारे जाकीट असलेला एक जण हवा, पुढे पांढरा दिवा घेतलेला दुसरा. घाटात हे अंतर वाढवावे, कारण वळणाआडून येणाऱ्या चालकाला दिवा जथ्याच्या आधी दिसला पाहिजे. मागे राहिलेली, पायाला फोड आलेली माणसे या दिव्याच्या मागे पडू नयेत म्हणून जथ्याची चाल त्यांच्या पावलांनी ठरवावी, आणि दिवेवाला थकण्याआधीच बदलावा.