परमुलखातील शिक्षकाची व्यायामाची जागा



अकोला-पूर्णा लोहमार्गावरील आमच्या जऊळक्यासारख्या गावातून शिकून मोठी झालेली मुले-मुली अकोला, अमरावती किंवा नागपूर येथे नेमणूक मिळाली म्हणजे फार दूर गेली, असे पूर्वी आपण मानीत असू. परंतु अलीकडे विज्ञान, गणित आणि इंग्रजी या विषयांचे तरुण शिक्षक आखाती देशांतील भारतीय शाळांत, मालदीवच्या बेटांवर, आफ्रिकेतील विद्यालयांत आणि क्वचित जपान-जर्मनीपर्यंतही रुजू होऊ लागले आहेत. निघण्यापूर्वी प्रकृतीच्या दाखल्यासाठी ते दवाखान्यात येतात, तेव्हा पगार, घरभाडे, रजा, करारनाम्याच्या शर्ती यांचा सर्व तपशील त्यांच्यापाशी तयार असतो. मात्र व्यायाम कोठे करणार, असे विचारले की "तिथे गेल्यावर पाहू, डॉक्टर" एवढेच उत्तर मिळते. पहिल्या रजेवर ते परत येतात तेव्हा पोटाचा घेर वाढलेला असतो आणि रक्तदाबाचा पारा वर सरकलेला असतो. म्हणून परदेशी शिकवावयास जाणाऱ्यांसाठी, आणि त्यांना निरोप देणाऱ्या त्यांच्या आईवडिलांसाठीही, या वेळचा सल्ला सविस्तर लिहीत आहे.

गावात असताना व्यायामासाठी वेगळी जागा शोधावी लागत नाही, हे या दुर्लक्षाचे मूळ आहे. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले पहाटेच्या अंधारात सडकेवर सोळाशे मीटरची धाव मोजीत असतात, शाळेचे पटांगण सर्वांना मोकळे असते, सोयाबीन आणि तुरीच्या हंगामात अंगमेहनत कोणाला चुकत नाही, आणि बाजार, बसथांबा, देऊळ ही सर्व ठिकाणे पायांनीच गाठावयाची असतात. परमुलखात हे सर्व एकाच दिवशी सुटते. शाळेची गाडी इमारतीच्या दाराशी येते, वर्ग वातानुकूलित असतो, आणि पाच-सहा तास उभे राहून शिकवल्यावर येणाऱ्या थकव्यालाच मनुष्य व्यायाम समजू लागतो. वस्तुतः एका जागी उभे राहण्यात पोटऱ्यांच्या स्नायूंचे आकुंचन-प्रसरण होत नाही, त्यामुळे रक्त वर हृदयाकडे ढकलण्याचे त्यांचे कार्य मंदावते, संध्याकाळी घोट्यावर मोज्याच्या काठाची खूण खोल उमटलेली दिसते, आणि अशी वर्षे गेली म्हणजे पायांच्या शिरा फुगू लागतात. रात्री वह्या तपासताना मान तासन्‌तास झुकलेली राहते, ती तक्रार आणखी निराळी. धावणाऱ्याचा कमावलेला दम दोन-तीन आठवड्यांच्या खंडाने उतरू लागतो. त्यातच आपणा भारतीयांना तुलनेने कमी वजनावरच मधुमेह गाठतो, म्हणून पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटर यांच्या पुढे जाऊ लागला की तेथेच सावध झाले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. हे प्रमाण कोणत्याही शिक्षकाच्या वेळापत्रकात बसण्याजोगे आहे, पण त्याची तजवीज पहिल्या आठवड्यातच व्हावयास हवी.

जागा शोधण्याचा माझा क्रम बहुतेकांच्या क्रमाच्या उलट आहे. बहुतेक जण प्रथम शुल्क घेणारी जिम पाहतात, ती महाग किंवा दूर निघाली की शोध थांबतो आणि शोधाबरोबर व्यायामही थांबतो. मी सांगतो की प्रथम स्वतःच्या खोलीतील जमीन पाहावी, नंतर स्वतःची शाळा, त्यानंतर त्या गावातील सार्वजनिक ठिकाणे, आणि जिमचा विचार सर्वांत शेवटी करावा.

खोलीचे पहिले. सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद एवढी मोकळी जमीन मिळाली की सूर्यनमस्कारांची सोय झाली. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते, कारण या व्यायामाला साहित्य लागत नाही आणि जागाही फारशी लागत नाही. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांना १९५२ साली येहुदी मेन्युहिन हे व्हायोलिनवादक भेटले आणि १९५४ पासून अय्यंगार युरोपात जाऊन योग शिकवू लागले. भिंत, खुर्ची, घोंगडी आणि पट्टा यांचा आधार घेऊन आसने करण्याची जी पद्धत त्यांनी विकसित केली, तिच्यातील निम्मे साहित्य भाड्याच्या कोणत्याही खोलीत आधीच पडलेले असते. भिंतीपासून एक पाऊल मागे उभे राहून, तळवे खांद्यांच्या उंचीवर भिंतीला टेकवून, कोपरे वाकवीत छाती भिंतीजवळ न्यावी आणि परत यावे, हे सौम्य जोर झाले. ते पंधरा सहज होऊ लागले म्हणजे टेबलाच्या काठावर आणि मग जमिनीवर यावे. खुर्चीवरून हात न टेकता उठावे व पुन्हा हळूहळू बसावे, या बैठका झाल्या. खांद्याच्या पिशवीत पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या ठेवल्या की वजनही मिळते. जपानमध्ये लाकडी बांधणीच्या इमारतींत पावलाचा आवाज खालच्या बिऱ्हाडात स्पष्ट ऐकू जातो, म्हणून तेथे नमस्कार घालताना दोन्ही पाय उडी मारून मागे न टाकता एकामागून एक टाकावेत आणि सतरंजीखाली जाड घोंगडी दुमडून घालावी. शेजाऱ्याची एकच तक्रार नवख्या माणसाचा व्यायाम कायमचा बंद पाडते, हे ध्यानात असू द्यावे.

त्यानंतर शाळा. आपल्या वऱ्हाडात अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ साली उभारले, आणि १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी तेथील पथकाने बर्लिनमध्ये जाऊन मल्लखांबासह भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली, हा आपल्या प्रांताला भूषणावह असा इतिहास आहे. ज्या बर्लिनमध्ये ही मंडळी गेली, त्याच शहराच्या हासेनहाइडे या मैदानावर १८११ साली फ्रीडरिश लुडविग यान या शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांसाठी उघड्यावर व्यायामाची जागा केली होती, आणि आपल्या तालमींतून आज जो डबलबार दिसतो त्याचे श्रेयही त्यालाच दिले जाते. युरोपातील व्यायामशाळेची परंपरा अशी एका शिक्षकाच्या हातून वाढली आणि आजही ती शाळेच्या इमारतीशी जोडलेली आहे: जर्मनीत शाळांची व्यायामगृहे संध्याकाळी स्थानिक क्रीडामंडळांना दिली जातात, आणि माफक वार्षिक वर्गणी भरून कोणालाही त्यांचे सभासद होता येते. म्हणून रुजू होताच मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करावा की, शाळा सुटल्यावर पाऊण तास व्यायामगृह किंवा मैदान वापरण्याची मंजुरी मिळावी. तोंडी विचारणे पुरेसे होत नाही, कारण तोंडी दिलेली परवानगी पुढच्या बैठकीत कोणाच्या स्मरणात राहत नाही. वेळापत्रक ठरण्यापूर्वी असा अर्ज गेला तर सहसा नकार येत नाही. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाशी स्नेह जोडावा. आपल्याला लेझीम किंवा कबड्डी येत असेल तर ती तेथील मुलांना शिकवण्याची तयारी दाखवावी, म्हणजे व्यायामाची जागा आणि सोबत दोन्ही मिळतात.

सार्वजनिक ठिकाणांविषयी थोडक्यात. जपानमध्ये नगरपालिकेची क्रीडागृहे काही शे येन घेऊन खुली असतात, मात्र आत वापरावयाचे जोडे वेगळे न्यावे लागतात. तेथे १९२८ पासून रेडिओवर सामुदायिक कवायत प्रसारित होते, आणि सकाळी साडेसहाला अनेक बागांतून वृद्ध मंडळी तिच्या तालावर हात-पाय हलवीत असतात, त्यांत नवख्याने जाऊन उभे राहिले तर कोणी हटकत नाही. ब्रिटनमध्ये २००४ साली लंडनच्या बुशी उद्यानातून सुरू झालेली पाच किलोमीटरची विनामूल्य सामुदायिक धाव, जिला पार्करन म्हणतात, ती आता अनेक देशांत दर शनिवारी सकाळी होते. तिच्यात चालत जाणाऱ्यांचेही स्वागत असते. एकट्याने अनोळखी रस्त्यावर धावणे ज्यांना बिनधोक वाटत नाही, अशा शिक्षिकांनी तिचा अवश्य विचार करावा. आखाती देशांत अनेक जिममध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र दालन किंवा स्वतंत्र वेळ असते. ती वेळ शाळेच्या वेळेशी जुळते का, हे पैसे भरण्यापूर्वी पाहावे.

आता हवामान. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या मुदतीत दुपारी साडेबारा ते तीन या वेळात उघड्या उन्हातील कामास कायद्याने बंदी आहे, यावरून तेथील उन्हाचा अंदाज यावा. वाशिमचा उन्हाळा सोसलेला मनुष्य म्हणतो की मला ऊन नवे नाही. परंतु आपले ऊन कोरडे असते, घाम वाळतो आणि अंग निवते, तर समुद्राकाठच्या दमट हवेत घाम नुसता ओघळतो आणि शरीराची उष्णता आतच राहते. त्या महिन्यांत वातानुकूलित मॉलमध्ये दुकाने उघडण्यापूर्वी चालणारे पुष्कळ लोक दिसतात, त्यांचा मार्ग धरावा, आणि इतर दिवसांतही उघड्यावरील व्यायाम दहा-चौदा दिवसांत पायरीपायरीने वाढवावा. उंचीची गोष्टही तशीच आहे. आपल्या वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे मेक्सिकोत चापिंगो येथील कृषी विद्यालयात शिकवीत असत; ते ठिकाण सुमारे सव्वादोन हजार मीटर उंचीवर आहे, आणि इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा त्याहूनही थोडी उंच आहे. अशा ठिकाणी पहिले दोन आठवडे व्यायाम निम्म्यावर आणावा आणि धाप लागली तर चालणे हाच पूर्ण व्यायाम मानावा.

याच ठिकाणी विदर्भातील वाचकांना मी अत्यंत आग्रहाने सांगतो की, जाण्यापूर्वी सिकलसेलची तपासणी करून घ्या. आपल्या भागातील अनेक कुटुंबांत हा आनुवंशिक दोष आढळतो, आणि ज्याच्या अंगी तो केवळ वाहकरूपाने आहे असा मनुष्य एरव्ही पूर्णतः निरोगी असतो, त्याला स्वतःलाही त्याचा पत्ता नसतो. मात्र तीव्र उष्णता, शरीरातील पाण्याची कमतरता, मोठी उंची आणि सवय नसताना एकदम केलेले कठोर श्रम एकत्र आले, तर त्याच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन स्नायूंचा रक्तपुरवठा अडू शकतो. अशा वेळी पेटक्याप्रमाणे स्नायू कडक होत नाही. मांड्या-पोटऱ्यांत वेदना होतात, पाय निर्जीव झाल्यासारखे वाटतात आणि मनुष्य बसतो किंवा कोसळतो. सोबतच्यांना तो नुसता दमला असे वाटते आणि ते त्याला आणखी पळावयास लावतात. यात जिवाला धोका आहे. उंचीवर डाव्या बरगड्यांखाली तीव्र दुखू लागले तर प्लीहेला इजा झाल्याची शंका घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. वाहकाने व्यायाम सोडण्याचे मुळीच कारण नाही. त्याने श्रम हळूहळू वाढवावेत, पाणी भरपूर प्यावे, पहिल्या महिन्यात घड्याळ लावून धावण्याच्या शर्यतीत उतरू नये, आणि जिमच्या शिक्षकाला ही गोष्ट स्पष्ट सांगावी. ज्यांना प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार आहे, त्यांनी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय परदेशी व्यायामाचा कोणताही क्रम ठरवू नये. सरकारी रुग्णालयात ही तपासणी विनामूल्य होते. तिच्या अहवालाची इंग्रजी प्रत पारपत्रासोबत ठेवावी. त्याच वेळी रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिनही पाहून घ्यावे, कारण पुष्कळ शिक्षिका जिना चढताना लागणाऱ्या धापेचा दोष व्यायामाच्या अभावाला देतात आणि तपासले तर हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या बरेच खाली निघते.

जिममध्ये नाव घातलेच तर करारातील मुदत आणि नूतनीकरणाची शर्त वाचूनच सही करावी, आणि प्रकृतीविषयीच्या प्रश्नपत्रिकेत काही लपवू नये. स्वतःचा टॉवेल न्यावा, बाकावर पाठ टेकण्यापूर्वी तो अंथरावा, घामाचे कपडे लगेच बदलावेत. गजकर्णाचा उपद्रव अलीकडे फार वाढला आहे आणि त्यावर गावच्या दुकानातून आणलेली स्टिरॉइड मिसळलेली मलमे बरोबर नेण्याची रीत तर फारच घातक आहे. त्यांनी खाज चार दिवस थांबते आणि चट्टा आतून पसरत राहतो. अशी नळी सामानात असेल तर काढून ठेवा आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.

व्यायाम करताना छातीत दाब जाणवला, वेदना डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, थंड घाम सुटला, किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर वय तिशीचे असले तरी तेथेच थांबून मदत मागवावी. रुग्णवाहिकेसाठी युरोपात ११२, अमेरिकेत ९११, जपानमध्ये ११९ आणि अमिरातीत ९९८ हे क्रमांक आहेत; आपल्या मुक्कामाच्या देशाचा क्रमांक आणि घराचा पूर्ण पत्ता तेथील भाषेत एका कागदावर लिहून तो दाराच्या आतल्या बाजूस चिकटवून ठेवावा, आणि खोलीत राहणाऱ्या सोबत्यालाही तो दाखवून ठेवावा.