टीव्हीवरचा काळा, कॉम्प्युटरचा काळा

कळंबला लग्नाच्या फोटोंचं आणि व्हिडिओ मिक्सिंगचं काम करतो. गावातली लग्नं असतात, चिंतामणीच्या दर्शनाला आलेली नवी जोडपी असतात. अल्बम छापायला टाकण्याआधी पार्टीला पानं मोठ्या टीव्हीवर दाखवतो, कारण सगळं घरच बघायला येतं. केबल लावली की चित्र येतं. रंग येतीलच असं नाही. त्यांच्या मागे लागून जे उमगलं, ते असं.

१. काळा रंगसुद्धा दोन तऱ्हांनी मोजतात. कॉम्प्युटरचा काळा ० वर आणि पांढरा २५५ वर. टीव्हीच्या रीतीत मात्र काळा १६ वर सुरू होतो आणि पांढरा २३५ वर संपतो. सिग्नल थोडा वरखाली झाला तरी चित्र कापलं जाऊ नये म्हणून दोन्ही टोकांना सोडलेली ही जागा. डिजिटल व्हिडिओच्या १९८२ च्या आंतरराष्ट्रीय मानकात हे आकडे आहेत; आपलं दूरदर्शन रंगीत झालं तेही त्याच वर्षी. आता कॉम्प्युटरने ० पासून पाठवलं आणि टीव्ही १६ पासून मोजत बसला, की नवरदेवाच्या काळ्या कोटाच्या चुण्या नाहीशा होतात, उन्हातलं पांढरं धोतर सपाट दिसतं. उलट झालं तर सगळ्या चित्रावर धुरकट राखाडी थर चढतो. दोघांपैकी बिघडलेलं कुणीच नसतं, फक्त बोलणी झालेली नसतात. हे कळलं तेव्हा मला यंत्रांबद्दल एकदम आपुलकी वाटली.

एचडीएमआय केबल लागली की समोर टीव्ही आहे असं धरून ग्राफिक्स कार्ड बरेचदा आपणहून १६ ते २३५ पाठवू लागतं. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’ असते, तिथे फुल किंवा लिमिटेड निवडता येतं. टीव्हीत याच गोष्टीला कुठे ‘ब्लॅक लेव्हल’, तर कुठे ‘व्हिडिओ रेंज’ म्हणतात. मी दोन्हीकडे फुल ठेवतो. दोन्हीकडे लिमिटेड ठेवलं तरी चित्र बरोबर दिसतं. जुळलं पाहिजे, एवढंच.

२. कापला गेलेला काळा ब्राइटनेस वाढवून परत येत नाही. टीव्हीने तो एकदा फेकला की रिमोट कितीही दाबा, काळ्याचा राखाडी होईल, चुण्या दिसणार नाहीत. म्हणून आधी रेंज, मग रिमोट.

३. फोटो सुंदर आणि अक्षरं फाटलेली, असंही होतं. पत्रिकेच्या पानावरची लाल अक्षरं निळ्या पार्श्वभूमीवर अशी फिसकटली होती की मला केबलचाच संशय आला. कारण निराळं निघालं. आपला डोळा उजेडातला फरक बारकाईने टिपतो, रंगातला तेवढा नाही. म्हणून व्हिडिओत चार-चार पिक्सेलना मिळून एकच रंग देऊन जागा वाचवतात. सिनेमात ते कुणाला कळत नाही, झेंडूच्या हारातही खपून जातं, पण अक्षराची कड उघडी पडते. पुष्कळ टीव्हींमध्ये त्या इनपुटचं नाव किंवा चिन्ह ‘पीसी’ केलं की प्रत्येक पिक्सेलला त्याचा स्वतःचा रंग मिळतो. नुसत्या नावाने टीव्हीची वागणूक बदलते, याचं मला अजून नवल वाटतं.

४. दुकानातला टीव्ही दुकानासाठी सजवलेला असतो. लख्ख उजेडात शेजारच्या टीव्हीपेक्षा उठून दिसावा म्हणून ‘व्हिव्हिड’ मोड, आणि त्यात पांढरा निळसर. आमच्याकडे पांढरा म्हणजे काय ते कुणाला सांगावं लागत नाही, वेचणीचा कापूस सगळ्यांनी पाहिलेला असतो. तोच कापूस व्हिव्हिडमध्ये नीळ दिल्यासारखा दिसतो. चित्राचा पांढरा ६५०० केल्विनच्या आसपास धरलेला असतो आणि टीव्हीत त्याच्या जवळ जाणारी निवड बहुधा ‘वॉर्म’ असते, मोड ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’. पहिल्यांदा लावलं की घरचे म्हणतात, पिवळं झालं. थोडा वेळ बसू द्यावं. डोळा सरावतो आणि मग जुना मोडच निळा वाटू लागतो. आपला डोळा इतका सहज फितूर होतो, हे मला या धंद्यात सगळ्यात जास्त नमवणारं आहे.

५. शार्पनेस अगदी खाली आणावा आणि चित्राच्या कडा कापणारं ओव्हरस्कॅन बंद करावं. यात फार विचार करण्यासारखं काही नाही.

६. सगळं जुळवल्यावरही एक काकू म्हणाल्या, “भाऊ, शालू राणी कलरचा होता, इथं तं लालच दिसते.” मी आकडे तपासले, ते चोख होते. पण काकूही खरंच सांगत होत्या. बहुतेक कॉम्प्युटर एसआरजीबी नावाच्या मानकात रंग मांडतात. १९९६ साली ते मांडलं गेलं तेव्हाच्या काचेच्या मॉनिटरला जेवढं दाखवता येत होतं तेवढाच त्याचा परीघ, आणि कापडावरचे काही झगझगीत रंग त्यात मावतच नाहीत. शिवाय मांडवातल्या एलईडीच्या उजेडात कॅमेऱ्याने काय टिपलं, हा आणखी वेगळा विषय. तेव्हापासून पार्टीला सांगतो, बघायला येताना शालू सोबत आणा. तो दारातल्या उजेडात धरतो, टीव्हीवरचं पान बघतो आणि जेवढं जवळ जाता येतं तेवढं जातो. उरलेलं अंतर काकूंना आधीच सांगून ठेवतो.