मधला माणूस नक्की कोणाचा? जुन्या गिटारींच्या सौद्यातून एक धडा



"परदेशातून माल मागवून द्यायचा, मधे आपलं कमिशन घ्यायचं. माल आपला नाही, मग रिस्क कसली?" सोर्सिंगच्या व्हिडिओखाली हा प्रश्न हमखास येतो. रिस्क कुठे असते हे समजायला आज एक वेगळा बाजार बघू : जुन्या, दुर्मिळ इलेक्ट्रिक गिटारींचा. घड्याळं, कॅमेरा लेन्स, जुनी मशिनरी यांनाही हाच हिशेब लागू पडतो.

भाव कशाचा असतो?

गिब्सनची १९५८ ते १९६० मधली सनबर्स्ट लेस पॉल, किंवा १९६५ साली सीबीएसने फेंडर कंपनी घेतली त्याआधीची स्ट्रॅटोकास्टर. या गिटारींना मोठा भाव मिळतो तो "सगळं मूळचं आहे" म्हणून. पुन्हा रंग दिलेला असेल किंवा मान तुटून जोडलेली असेल, तर भाव साधारण निम्म्यावर येतो, असा बाजाराचा ढोबळ हिशेब आहे. वाजायला ती तितकीच छान वाजेल, पण पैसे निम्मे.

म्हणजे इथे माल पोचला की काम संपलं असं होत नाही. माल सांगितला तसाच आहे का, यावर सगळे पैसे लागलेले असतात. आणि भांडण होतं ते इथेच.

भांडण कसं पेटतं?

जपानचं उदाहरण घ्या. तिथे जुन्या गिटारी भरपूर आहेत, पण याहू ऑक्शन्सवरचे बरेच विक्रेते परदेशात पाठवत नाहीत. म्हणून ग्राहक प्रॉक्सी कंपनी गाठतो. ती स्वतःच्या नावाने बोली लावते, माल स्वतःच्या गोडाऊनवर घेते आणि पुढे पाठवते.

आता गंमत बघा. माल मिळाला असं खरेदीदाराने कळवलं की विक्रेत्याचे पैसे मोकळे होतात. पण विक्रेत्याच्या लेखी खरेदीदार प्रॉक्सी आहे. खोका गोडाऊनवर आला की प्रॉक्सी "मिळाला" कळवून टाकते. तुमच्या ग्राहकाने गिटार अजून डोळ्याने बघितलेलीही नाही, आणि पैसे अडवून धरायची संधी गेली! त्यात वर्णनात बरेचदा "नो क्लेम, नो रिटर्न" लिहिलेलं असतं. मूळपणा तपासणं हे प्रॉक्सीच्या फीमध्ये सहसा येतच नाही.

समजा, गिटार ५ लाखांची, कमिशन ८ टक्के म्हणजे ४०,०००. घरी आल्यावर कळलं की रंग नंतरचा आहे. किंमत राहिली अडीच लाख. मधला म्हणतो, "माझं कमिशन परत घ्या." ग्राहक म्हणतो, "माझे अडीच लाख कोण देणार?" दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण मधल्याची भूमिका काय हे आधी कुणी लिहिलेलंच नसतं.

तीन भूमिका, तीन जबाबदाऱ्या

१. फक्त पोचवणारा. बोली लावतो, पॅक करतो, पाठवतो. मालाच्या खरेपणाची हमी नाही. फी कमी.

२. एजंट. ग्राहकाच्या वतीने शोधतो, तपासतो, भाव करतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २१३ प्रमाणे त्याने मागितल्यावर हिशेब द्यायचा असतो. ग्राहकाच्या नकळत स्वतःच्या खात्यावर व्यवहार करून फायदा घेतला, तर कलम २१६ प्रमाणे ग्राहक तो फायदा मागू शकतो. म्हणजे ४ लाख २० हजारांत घेऊन ५ लाखांचं बिल लावायचं आणि वर कमिशनही घ्यायचं, हे चालत नाही.

३. विक्रेता. स्वतः विकत घेतो, स्वतःच्या बिलावर विकतो. मार्जिन किती ठेवायचं हा त्याचा प्रश्न. पण वर्णन चुकलं तर जबाबदारीही त्याचीच.

लोक चुकतात कुठे? मार्जिन तिसऱ्याचं घेतात, बोलतात दुसऱ्यासारखं आणि भांडण झालं की म्हणतात "मी तर पहिला!"

अजून एक मुद्दा. तुम्ही भारतात बसून परदेशी व्यापाऱ्यासाठी माल विकत किंवा घेत असाल, तर कलम २३० प्रमाणे, उलट काही ठरलेलं नसल्यास, तो करार तुमच्यावर वैयक्तिकरीत्या बंधनकारक धरला जातो. "मी फक्त मधे होतो" म्हणून सुटका नाही.

पैसे देण्याआधी काय करायचं?

- भूमिका एका ओळीत लिहा. वरच्या तीनपैकी कोणती, ते व्हॉट्सॲपवर का होईना, पण लेखी.
- "ओरिजिनल" हा शब्द फोडा. रंग, पिकअप, ट्यूनर, मान, प्रत्येकाचं वेगळं उत्तर घ्या. आतल्या पॉट्सवरच्या आकड्यांचे फोटो मागवा. १३७६६१२ म्हणजे १३७ हा सीटीएस कंपनीचा कोड, ६६ साल, १२ वा आठवडा. मूळ पॉट १९६६ चा, तर गिटार १९६४ ची असूच शकत नाही. फेंडरच्या मानेच्या बुडाशीही बरेचदा तारीख असते. नुसत्या सीरियल नंबरवर जाऊ नका, प्लेट बदलता येते.
- तपासणी परदेशातच करा. "मिळाला" कळवण्याआधी गोडाऊनवर जाणकाराकडून. त्याची फी कोण देणार, तेही ठरवा.
- लाकूड विचारा. त्या काळच्या अनेक गिटारींवर ब्राझिलियन रोझवूड आहे. ते ११ जून १९९२ पासून साइट्सच्या परिशिष्ट १ मध्ये आहे. कागद नसेल तर माल कस्टममध्ये अडकतो, जप्तही होऊ शकतो. शिवाय आपल्याकडे वापरलेल्या मालाच्या आयातीवर निर्बंध आहेत. ॲडव्हान्स देण्याआधीच कस्टम ब्रोकरला विचारा.
- पैशाचा रस्ता बघा. पेपालवर वाद नोंदवायला ठराविक मुदत असते आणि नोंदवल्यापासून २० दिवसांत त्याचं क्लेममध्ये रूपांतर करावं लागतं. "फ्रेंड्स अँड फॅमिली" म्हणून पाठवलेल्या पैशांना हे संरक्षण नाही. फी वाचवायला असं पाठवा म्हणणारा मधला दिसला, की थांबा.
- खोका उघडताना सलग व्हिडिओ घ्या, आणि पॅकिंग फेकू नका. डॅमेजच्या क्लेमला ते लागतं.

या आठवड्याचा होमवर्क

तुम्ही मागवून देता किंवा देणार आहात अशी एक वस्तू निवडा. कागदावर तीन ओळी लिहा : माझी भूमिका कोणती, माल वर्णनाप्रमाणे नसेल तर नुकसान कोणाचं, आणि ग्राहकाला हे कधी सांगणार. तिसऱ्या ओळीचं उत्तर "ॲडव्हान्स घेण्याआधी" असं नसेल, तर ती ऑर्डर अजून घेऊ नका. ८ टक्के कमिशनसाठी १०० टक्क्यांची जबाबदारी नकळत डोक्यावर घेणं, हा धंदा परवडत नाही.