डाळिंबावरील तेल्या : प्रतिजैविकांच्या वारंवार फवारणीचा धोका

डाळिंबावरील जिवाणूजन्य करपा अर्थात ‘तेल्या’ रोगाची भारतातील पहिली नोंद १९५२ मध्ये दिल्ली येथे झाली. दीर्घकाळ हा रोग दुय्यम मानला जात असे. १९९१ च्या सुमारास बेंगळुरूच्या परिसरात त्याचा मोठा उद्रेक आढळला आणि पुढे सोलापूर, नाशिक, सांगलीपर्यंतच्या डाळिंब पट्ट्यात तो सर्वाधिक नुकसानकारक ठरला. हमखास औषध नसल्याने अनेक बागायतदार स्ट्रेप्टोसायक्लिनची फवारणी पुनःपुन्हा करू लागले. या सवयीचे परिणाम समजून घेणे आवश्यक आहे.

स्ट्रेप्टोसायक्लिनमध्ये स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन ही प्रतिजैविके ९:१ प्रमाणात असतात. दोन्ही जिवाणूंमधील प्रथिननिर्मिती रोखतात. तथापि जनुकीय बदलांमुळे मोजके जिवाणू त्यांतून बचावतात. संवेदनशील जिवाणू नष्ट झाल्यावर या बचावलेल्यांना वाढण्यास मोकळे रान मिळते. फवारण्या जितक्या अधिक, तितकी ही निवड तीव्र होते. शिवाय प्रतिकाराची काही जनुके एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीच्या जिवाणूकडे जाऊ शकतात. कॅलिफोर्नियातील नाशपतीच्या बागांत स्ट्रेप्टोमायसिनला न जुमानणारे रोगकारक जिवाणू १९७१ मध्येच आढळले होते.

हा प्रश्न केवळ बागेपुरता नाही. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगावरील पहिले प्रभावी प्रतिजैविक होय. मानवी उपचारांतील औषधांची परिणामकारकता टिकावी, या हेतूने केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मधील मसुदा आदेशात या दोन प्रतिजैविकांचा शेतीतील वापर १ जानेवारी २०२४ पासून पूर्णतः थांबविण्याचे प्रस्तावित केले.

तेल्याचा प्रसार पावसाचे उडणारे थेंब, रोगट कलमे व छाटणीची अवजारे यांमार्फत होतो. म्हणून नियंत्रणाचा भर पुढील बाबींवर असावा :

१. लागवडीसाठी रोगमुक्त रोपेच निवडावीत.
२. रोगग्रस्त बागेत शक्यतो हस्त बहार धरावा व बागेला तीन ते चार महिने विश्रांती द्यावी.
३. रोगट फांद्या डागाच्या सुमारे ५ सेंमी खालून छाटाव्यात. प्रत्येक झाडानंतर कात्री १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावी.
४. छाटणीनंतर लगेच १ टक्का बोर्डो मिश्रण फवारावे (१ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी).
५. रोगट फळे, पाने व फांद्या गोळा करून बागेबाहेर जाळाव्यात.

ताम्रयुक्त औषधांनाही जिवाणू प्रतिकार विकसित करू शकतात. त्यामुळे स्वच्छतेला फवारणी हा पर्याय नव्हे. फळावर एकदा पडलेला डाग कोणत्याही प्रतिजैविकाने भरून येत नाही. विस्तार कार्यकर्त्यांनी औषधाची शिफारस करण्यापूर्वी मागील बहारातील फवारण्यांची नोंद तपासावी आणि बागेत रोगट अवशेष शिल्लक नाहीत, याची प्रथम खात्री करून घ्यावी.