मोटारीच्या इंजिनाचा स्टँड : गावच्या कारखान्यात करावयाच्या सुधारणा

भाजीपाला, दूध, खते व बी-बियाणे यांची वाहतूक आज बहुतेक गावी जीप अथवा लहान टेंपोनेच होते. अशा गाडीचे इंजिन थकले म्हणजे ते उतरवून, संपूर्ण खोलून, लाइनर, पिस्टन, बेअरिंगे बदलून पुन्हा बांधावे लागते. हे काम आता गावच्या किंवा तालुक्याच्या लहान कारखान्यांतही होते, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु ज्या स्टँडवर इंजिन टांगून ही बांधणी केली जाते, त्याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही.

सन २०२३ च्या उन्हाळ्यात एका कारखान्यात प्रस्तुत लेखकासमोर घडलेली हकीकत येथे सांगणे उपयुक्त होईल. बांधून होत आलेले इंजिन स्टँडसह दाराकडे ढकलीत असता पुढचे चाक फरशीच्या भेगेत अडकले व स्टँड एका अंगास कलंडला. जवळच बसलेल्या शिकाऊ मुलाने पाय वेळीच ओढून घेतला, म्हणून तो बचावला. इंजिनाच्या ब्लॉकचा कान मात्र तुटला. गाडी टोमॅटोच्या ऐन हंगामात बंद राहिली आणि गाडीमालक शेतकऱ्यास भाड्याच्या वाहनाने माल पाठवावा लागला. दोष कारागिराच्या कौशल्यात नव्हता, स्टँडच्या रचनेत होता.

स्टँडची रचना व त्यातील उणिवा

बाजारात मिळणाऱ्या साध्या स्टँडला लोखंडी नळ्यांचा पाया, त्यावर एक उभा खांब व खांबाच्या माथ्यावर फिरते डोके असते. डोक्याच्या चार बाहू इंजिनाच्या मागील बाजूस, जेथे गिअरबॉक्स बसतो तेथील भोकांत, बोल्टांनी आवळतात. म्हणजेच सर्व इंजिन एका टोकाने धरून अधांतरी टांगलेले असते.

समजा, इंजिनाचे वजन २०० किलो असून त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ९० सेंटिमीटर उंचीवर आहे. चाकांची कड या मध्यापासून प्रत्येक बाजूस २० सेंटिमीटरच असेल, तर गुरुत्वमध्याच्या उंचीवर सुमारे ४४ किलोचा आडवा रेटा बसताच स्टँड कलंडू लागतो. हेच अंतर ३५ सेंटिमीटर केल्यास त्यास सुमारे ७८ किलोचा रेटा लागेल. स्टँडचे स्वतःचे वजन या हिशेबात धरलेले नाही. पुढे एकच चाक असलेल्या तीनचाकी स्टँडमध्ये ही कड पुढे निमुळती होत जाते. म्हणून तो अधिक धोक्याचा होय.

करावयाच्या सुधारणा

१. पाया रुंद करणे. पुढील व मागील आडव्या नळ्या बदलून त्या ७० ते ७५ सेंटिमीटर लांबीच्या घालाव्यात व चार कोपऱ्यांस चार चाके बसवावीत. पुढची चाके इंजिनाच्या गुरुत्वमध्यापलीकडे निदान १५ ते २० सेंटिमीटर पुढे असावीत.

२. चाके मोठी घेणे. लहान चाक खड्यावर व भेगेत अडकते. १२५ ते १५० मिलिमीटर व्यासाची चाके घ्यावीत व त्यांपैकी दोघांस ब्रेक असावा. उंचसखल जमिनीवर भार दोनच चाकांवर येण्याचा संभव असतो, म्हणून प्रत्येक चाक एकूण वजनाच्या निम्मा भार सोसणारे असावे. चार कोपऱ्यांस जाड बोल्टांचे पाय लावल्यास काम करताना स्टँड चाकांवरून उचलून स्थिर ठेवता येतो.

३. खांबास आधार देणे. गुरुत्वमध्य डोक्यापासून ३५ सेंटिमीटर पुढे असल्यास खांब वाकविणारा जोर २०० × ३५, म्हणजे ७,००० किलो-सेंटिमीटर होतो. तो सर्व खांबाच्या बुडातील जोडावर येतो. तेथे दोन्ही बाजूंस ६ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे त्रिकोणी तुकडे व पुढून एक तिरपा आधार वेल्डिंगने जोडावा. वेल्डिंगपूर्वी रंग व जस्ताचा थर घासून काढावा, कारण जस्ताचा धूर अपायकारक असतो. स्टँडवर इंजिन असताना वेल्डिंग कधीही करू नये. त्याची वीज बेअरिंगांतून वाहून ती खराब होऊ शकतात, शिवाय तेलास आग लागण्याची भीती असते.

४. डोके सहज फिरेल असे करणे. साध्या स्टँडमध्ये नळीत नळी कोरडी घासते. बाहेरील नळीस ग्रीस निपल बसवावा. अडकविण्याची खीळ जाड असावी व तिच्यासाठी दर ३० अंशांवर भोक पाडावे.

परंतु खरा उपाय समतोलाचा आहे. इंजिनाचा गुरुत्वमध्य फिरण्याच्या आसापासून ५ सेंटिमीटर दूर असेल, तर ७५ सेंटिमीटर लांबीच्या दांड्याने ते फिरविण्यास सुमारे १३ किलोचा जोर लागतो, व हात सुटल्यास दांडा उलटा फिरून जबड्यावर बसतो. अंतर १ सेंटिमीटरवर आणल्यास ३ किलोहून कमी जोर पुरतो. यासाठी चेन कप्पी जोडलेली पण किंचित सैल ठेवून खीळ काढावी व इंजिन थोडे हलवून पाहावे. ते आपोआप सरळ होत असेल, तर गुरुत्वमध्य आसाखाली आहे, म्हणून इंजिन बाहूंवर थोडे वर घ्यावे. ते उलटू पाहत असेल, तर खाली घ्यावे. हेड व क्रँक काढल्यानंतर समतोल बदलतो, हे विसरू नये.

५. मागील बाजू मोकळी ठेवणे. मागून धरलेल्या इंजिनाचे फ्लायव्हील व क्रँकचे मागील ऑइल सील यांस हात पोहोचत नाही. काही कारागीर बाहूंपुढे नळीचे लांब तुकडे घालून जागा करतात. परंतु १२ सेंटिमीटरचे तुकडे घातल्यास ३५ चे अंतर ४७ होते व वाकविणारा जोर सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. त्यापेक्षा ज्या इंजिनांस बाजूला माउंटिंगची मजबूत भोके आहेत, त्यांच्यासाठी १२ मिलिमीटर जाडीच्या प्लेटचा जोड तयार करून इंजिन बाजूने धरावे. ते शक्य नसल्यास ते काम शेवटी इंजिन चेन कप्पीवर घेऊन, खाली भक्कम घोडी देऊन करावे.

६. तेलाचे ताट. पायाच्या नळ्यांवर कडा वळविलेल्या पत्र्याचे ताट बसवावे. जमिनीवर तेल न सांडल्याने घसरण टळते व पडलेला नट ताटात सापडतो.

बोल्टांची निवड

इंजिनाचा सर्व भार चार बोल्टांवर असतो. डोक्यावर ८.८ हा आकडा असलेलेच बोल्ट वापरावेत. बिडाच्या ब्लॉकमध्ये बोल्ट व्यासाच्या निदान दीडपट व अॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये दुप्पट खोल गेला पाहिजे. जुन्या गाड्यांत इंची आट्यांचे बोल्ट असतात. तेथे मिलिमीटरचा बोल्ट बळजबरीने बसवू नये.

चाचणी

सुधारलेल्या स्टँडवर एकदम इंजिन चढवू नये. इंजिनाच्या गुरुत्वमध्याएवढ्या अंतरावर इंजिनाच्या सव्वापट वजन टांगावे. २०० किलोच्या इंजिनासाठी सिमेंटची ५० किलोची ५ पोती पुरतात. ती जमिनीपासून १० सेंटिमीटरच अधांतरी असावीत व कोणीही जवळ उभे राहू नये. एका तासाने वजन काढून खांब पट्टीने तपासावा. तो वाकलेला राहिल्यास किंवा जोडास बारीक चीर दिसल्यास स्टँड वापरू नये.

ट्रॅक्टरचे इंजिन या स्टँडवर घेण्याचा मोह टाळावा. त्याचे ऑइल चेंबर बहुधा जाड बिडाचे असून वजन मोटारीच्या इंजिनाहून पुष्कळच अधिक असते. त्यास दोन्ही टोकांनी धरणारा स्वतंत्र स्टँडच हवा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

आपल्या भागातील कारखान्यास भेट देताना चार गोष्टी पाहाव्यात : चाके किती व केवढी, खांबाच्या बुडास आधार आहे काय, बोल्ट कोणते आणि इंजिन हलविताना चेन कप्पी वापरतात काय. उणीव आढळल्यास दोष न देता कारागिरास हिशेब समजावून सांगावा. शेतकऱ्यांनीही इंजिन दुरुस्तीस देताना दराबरोबर स्टँडही पाहावा. नळीचे चार तुकडे, चार चाके व एका दिवसाचे वेल्डिंग यांचा खर्च फुटलेल्या ब्लॉकपुढे अल्प आहे, आणि चिरडलेल्या पायाची भरपाई तर कोणत्याही रकमेने होत नाही.