झावळीखालची माशी आणि बारावीनंतरचा प्रश्न

अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या एखाद्या नारळाच्या वाडीत जा आणि हाताला लागणारी खालची झावळी उलटून बघा. पातीच्या मागे पांढऱ्या मेणाची गोल गोल वळणं दिसली, तर ती रुगोज चक्राकार पांढरी माशी. मूळची मध्य अमेरिकेकडची. भारतात ती 2016 साली तमिळनाडूतल्या पोल्लाचीला आणि केरळातल्या पालक्काडला पहिल्यांदा नोंदली गेली आणि काही वर्षांत कोकणात पोचली. ती पानातला रस शोषते, चिकट गोड द्रव टाकते आणि त्या द्रवावर काळी बुरशी चढते. बागायतदाराच्या नजरेला आधी येते ती ही काजळी. तोवर माशीचं बस्तान बसलेलं असतं.

हे सगळं करिअरच्या लेखात कशाला? कारण माशी येणं आणि ती लक्षात येणं यातलं अंतर कमी करणं हे आता एक शिक्षणाचं आणि नोकरीचं क्षेत्र झालं आहे. त्यासाठी किनाऱ्यावरच्या मुलाला घरापासून फार लांब जावं लागत नाही.

सोंड्या भुंग्याची गोष्ट घ्या. हा आपल्याच भागातला. त्याची अळी नारळाच्या खोडात शिरून आतला गाभा खाते, बाहेरून झाड हिरवंगार. खोडावर तांबूस द्रव ओघळला, भोकातून चघळलेला चोथा बाहेर आला की जाणता बागायतदार खोडाला कान लावतो. आत अळ्या खात असल्या तर करकर ऐकू येते. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, दिवेआगर, अलिबाग भागात नारळी-पोफळी आडव्या झाल्या. पडलेली खोडं वाडीत कुजली तर त्यात गेंड्या भुंग्याची पैदास होते, आणि गेंड्याने शेंड्यात पाडलेल्या भोकांतून सोंड्याला वाट मिळते.

हाच सोंड्या 1980 च्या दशकात आखातात पोचला आणि तिथल्या खजुरांच्या जिवावर उठला. पुढे तो भूमध्य समुद्राच्या काठापर्यंत गेला. तिथे तो परका, म्हणून तिथे त्याच्यावर पैसा आणि डोकं दोन्ही खर्च होतं. खोडात बसवायचे संवेदक निघाले, जे अळीचं चावणं टिपून मोबाइलवर कळवतात. सौदी अरेबियातल्या किंग अब्दुल्ला विद्यापीठातल्या संशोधकांनी तर झाडांभोवती ऑप्टिकल फायबर गुंडाळून एकाच तारेवर अनेक झाडं ‘ऐकण्याचा’ प्रयोग 2020 मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या आजोबांचा कान तिथे यंत्र झाला. आणि ज्या किडीवर हे सगळं चाललंय ती नागावच्या वाडीत फुकट उपलब्ध आहे. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलाला प्रोजेक्टसाठी यापेक्षा चांगला विषय मी तरी सुचवू शकत नाही. लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ याच रायगड जिल्ह्यात आहे.

किडे मोजणाऱ्या यंत्राचं काम साधारण असं चालतं. कामगंध सापळ्यात किंवा पिवळ्या चिकट पट्टीवर किडे सापडतात. वर बसवलेला कॅमेरा ठरलेल्या वेळी फोटो काढून पाठवतो, संगणक त्यातले किडे ओळखून मोजतो आणि आकडा वाढला की इशारा देतो. महाराष्ट्राला हे अगदीच नवखं नाही. 2008 मध्ये सोयाबीनवर अळ्यांचा मोठा प्रादुर्भाव झाल्यावर राज्याने क्रॉपसॅप हा कीड सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू केला. त्यात माणसं शेतात जाऊन किडी मोजतात आणि नोंदी संगणकावर जातात. मुंबईच्या वाधवानी एआय संस्थेने कापसासाठी ॲप तयार केलं, त्यात सापळ्यातल्या बोंडअळीच्या पतंगांचा फोटो काढला की मोजणी होते. केंद्राने ऑगस्ट 2024 मध्ये राष्ट्रीय कीड निगराणी प्रणाली आणली, तीही शेतकऱ्याने काढलेल्या फोटोवर चालते.

आता अडचणी, कारण नोकऱ्या अडचणींतूनच निघतात. खाऱ्या हवेत आणि जून-जुलैच्या पावसात कॅमेऱ्याची काच किती दिवस स्वच्छ राहणार? सापळ्यात अडकलेले किडे मुंग्या खाऊन जातात, मग मोजणी चुकते. ड्रोन वरून शेंडा बघतो, माशी बसते पातीच्या पोटाला. सगळ्यात मोठी अडचण अशी की एआयला शिकवायला हजारो फोटो लागतात, आणि जी कीड अजून आपल्याकडे आलेलीच नाही तिचे आपल्या वाडीतले, आपल्या उजेडातले फोटो आणायचे कुठून? असलेल्या फोटोंवर ‘ही अमुक, ती तमुक’ असा शिक्का मारणारा माणूस लागतो. असा माणूस, जो भिंग लावून किडा ओळखतो आणि संगणकाशीही बोलू शकतो, फार थोडा सापडतो. कोडिंग येणारी मुलं गल्लोगल्ली आहेत. कीटकशास्त्रात मन रमणारी कमी. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आधी किडा शिका, मग यंत्र.

पालकांचा प्रश्न असतो, “पण यात नोकरी आहे का?” ‘एआय कीटकतज्ज्ञ’ अशी जाहिरात शोधत बसाल तर निराश व्हाल. नोकरी दुसऱ्या नावांनी असते. उरणचंच बघा. न्हावा-शेवा बंदर 1989 पासून चालू आहे आणि देशातला कंटेनर माल मोठ्या प्रमाणावर तिथूनच येतो-जातो. परदेशातून येणारा वनस्पतिजन्य माल 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार तपासला जातो. लाकडी खोकी 56 अंशाला 30 मिनिटं तापवलेली किंवा धुरी दिलेली असावी लागतात. हे तपासणारे केंद्राच्या वनस्पती संरक्षण संचालनालयाचे अधिकारी कृषी पदवीधर असतात, आणि धुरी देणाऱ्या खाजगी कंपन्यांनाही प्रशिक्षित माणसं लागतात. बंदराच्या कुशीत राहून ही वाट ठाऊक नसलेली घरं कितीतरी असतील.

याशिवाय एमपीएससीची कृषी सेवा आहे, कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाच्या परीक्षा आहेत, बियाणं आणि कीटकनाशक कंपन्या आहेत, कृषी-तंत्रज्ञानातले स्टार्टअप आहेत. स्टार्टअपचा पगार सुरुवातीला बेताचा असतो आणि काही बंदही पडतात, हे मुलाला आधीच सांगा. सरकारी जागा थोड्या आणि स्पर्धा भरपूर. ‘तीन महिन्यांत ॲग्री-एआय तज्ज्ञ’ म्हणून फी मागणाऱ्या क्लासपासून मात्र चार हात लांब राहा.

सरळ वाट अशी: बारावी विज्ञान, एमएचटी-सीईटी, मग चार वर्षांची बीएस्सी ॲग्री. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आपलंच. खाजगी कॉलेज घेतलंत तर त्याची विद्यापीठाशी संलग्नता स्वतः तपासा. पुढे एमएस्सीला कीटकशास्त्र. प्राणिशास्त्रातली बीएस्सी किंवा इंजिनिअरिंग करूनही या क्षेत्रात येता येतं, फक्त किडा नंतर शिकावा लागतो आणि तो वेळ घेतो.

निर्णयाआधी मुलाला श्रीवर्धनचं सुपारी संशोधन केंद्र किंवा रोह्याजवळच्या किल्ला गावचं कृषी विज्ञान केंद्र दाखवून आणा. तिथल्या तज्ज्ञांना प्रश्न त्यालाच विचारू द्या, आपण मागे थांबा. आणि दहावीनंतर अकरावीचा अर्ज भरताना ‘पुढे मेडिकल नाही, मग जीवशास्त्र कशाला’ किंवा ‘गणित जड जातं, सोडून दे’ असं घाईने म्हणू नका. शक्य असेल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा.